दिलेलं रोप लागत नाही

मु. पो. टोकावडे, ता. मुरबाड
४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सरितास,
भगीरथदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला होता. शेजारच्या हर्षालीने तो माझ्या कानाला लावून दिला, पण कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं आणि तुझ्या आवाजाऐवजी मला माळशेजच्या वळणावरचा हॉर्न ऐकू आला. एकतीस वर्षं एसटी चालवली, इंजिन कायम कानाशी. माझ्याबरोबर कानही रिटायर झाले. तेव्हा यापुढे पत्रच लिहावं. तुझ्याकडून इथे यायला गाडीला तीन तास आणि पोस्टाला सहा दिवस लागतात, पण पत्राला कान लागत नाहीत.

लिहिण्याचं कारण असं की, चंदाचा क्रोटन पानं गाळतो आहे. तिला जाऊन या महिन्यात सहा महिने होतील. रंगाच्या बादलीत छातीइतका उंच वाढवलेला तो क्रोटन तुला माहीत आहेच. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांच्या गुच्छासाठी शाळेवाले दरवर्षी त्याचीच पिवळी-लाल पानं मागायला येतात. काल शाळेची बाई येऊन बघून गेली, काही न मागता. पिवळा उतरला, लाल उतरला, नुसता मळकट हिरवा राहिला आहे आणि रोज दोन-तीन पानं खाली पडलेली असतात. पाण्याची हयगय नाही.

आदेश बदलापूरहून आला होता. म्हणाला की बाबा, एकटे किती दिवस काढणार, फ्लॅटमध्ये तुमची एक रूम आहेच, दिवाळीला टाइम काढून टेम्पो घेऊन येतो. पोरगा वाईट नाही. पण माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेलो की तुझ्या आईचं झाड जिवंत आहे तोवर मी इथून हलणार नाही; ते गेलं तर खुशाल टेम्पो आण, मी स्वतः कुलूप लावीन. बोललो ते बोललो. आता झाडानेच माझी साथ सोडायचं ठरवलेलं दिसतंय.

तू आणि चंदा अडतीस वर्षं शोभेच्या पानांवरून भांडलात. तिचा क्रोटन चांगला की तुझा कोलियस, हे ऐकून माझे कान त्या इंजिनाआधीच अर्धे गेले होते. त्या भांडणातलं काही शहाणपण उरलं असेल तर मला कळव.

बाकी ठीक. दोन्ही वेळा जेवतो. यंदा घरात सण नाही, त्यामुळे येणारं-जाणारं कोणी नाही. गणपतरावांना नमस्कार. आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र लवकर दे.

तुझा दादा


शेणवा, ता. शहापूर
१३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सरिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हॉर्नच्या ठिकाणी ह्यांचा डावा ओठ हलला. हसले असावेत.

आता झाडाचं. वहिनीचा क्रोटन म्हणजे जागा बदलली की दूध आटवणारी म्हैस. नुसती बादली फिरवून ठेवली तरी रुसून पानं टाकतो. माझा कोलियस गरीब गाय आहे. शेंडा खुडा, पेल्यात पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं. घराच्या सावलीत तो छान रंग धरतो आणि कडक उन्हात करपतो. क्रोटनचं नेमकं उलटं. ऊन नाय तर रंग नाय, हे वहिनीचंच म्हणणं. माझ्या कोलियसला ती चार दिवसांची नवरी म्हणायची आणि तेही खरंच आहे. तुरे वेळेवर खुडले नाहीत तर वर्षभरात म्हातारा होऊन बसतो. तिचा क्रोटन आदेशच्या मुंजीएवढा जुना असेल. म्हणून अंगणासाठी तिचा आणि घरासाठी माझा, असा तह आम्ही कितीतरी वेळा केला आणि पुढच्या भेटीत मोडला.

तेव्हा दादा, खरं सांग. धुण्याच्या दगडाजवळ बारा महिने उन्हात असलेल्या क्रोटनचा रंग आपोआप उतरत नाही. तू त्याला घरात आणलंस का?

माझा स्वार्थ लपवत नाही. आई-बाबा गेले, वहिनी गेली. तूही कुलूप लावून गेलास तर टोकावड्याच्या स्टॉपवर मी कोणासाठी उतरू? माझं माहेर आता त्या रंगाच्या बादलीत आहे. मी स्वतः येऊन पाहिलं असतं, पण ह्यांना सोडून निघता येत नाही, तुला माहीत आहे.

लोभ आहेच. तोही सावलीत ठेवू नकोस.

तुझी सरिता


टोकावडे
२१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस. एवढ्या लांबून पकडलंस म्हणजे तू तिकीट चेकरच व्हायला हवी होतीस.

दिवस-कार्य उरकलं, पाहुणे गेले, आदेश गेला आणि त्या दुपारी घरात घड्याळाशिवाय काही हलेना. तेही मला ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. मग मी बादली ओढत आत आणली आणि माजघरात तिच्या फोटोखाली ठेवली. खाली जुनी परात ठेवली, जमीन ओली होऊ नये म्हणून. जेवताना समोर काहीतरी जिवंत असावं, एवढाच विचार होता. तुला हसू येईल, पण मी त्याच्याशी बोलतो. कोणाची गाडी उशिरा गेली, भाताचं काय, हर्षालीकडे गाय व्याली, असलं सगळं.

बाहेर नेण्याचं तू सुचवशील म्हणून आधीच सांगतो, मन होत नाही. त्याला अंगणात नेलं तर आत मी कोणाशी बोलू?

पण झाड जाण्याची भीतीही वाटते. म्हणून त्याची एक वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वरूप कंडक्टरबरोबर मुरबाडमार्गे पाठवतो आहे. तुझा हात झाडांना मानवतो. इथला गेला तरी तिथे एक राहील. आणखी एक. बादलीत मुंग्या फार झाल्या आहेत, काळ्या, रांगाच्या रांगा. पावडर टाकू का?

आशीर्वादांना फडकं गुंडाळायची गरज नाही, ते वाटेत सुकत नाहीत.

दादा


शेणवा
१ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

फांदी मिळाली. स्वरूप म्हणाला की काका झाडंपण पासवर पाठवतात काय. मी ती सावलीत लावली, बुडख्याचा चीक पुसून लावली, सगळं नीट केलं. दहाव्या दिवशी काळी पडून आडवी झाली. दोष ना तुझा, ना माझा. दिलेलं रोप लागत नाही. चोरलेलंच लागतं.

तू हसशील, पण तुझ्या घरात अडतीस वर्षं हाच कायदा चालला आणि तुला पत्ता नव्हता. मी आले की वहिनी म्हणायची की बस गो, चाय टाकते, आणि आत जाऊन भांडी उगाच वाजवत बसायची. ती भांडी म्हणजे मला इशारा. मी शेंडा मोडून पिशवीत घालायची. ती इथे आली की मी तसंच करायची. पातेलं धुतलेलं असलं तरी परत घासायची. आठवड्याने ती फोनवर बोंब मारायची की माझं झाड कोणी तोडलं गो, आणि मी सांगायची की मांजर असेल. एकमेकींना आम्ही एक पानसुद्धा कधी हाताने दिलं नाही. म्हणून तर दोन्हीकडे बाग झाली.

आता तू मला चोरायला ये म्हटलंस तरी मी येणार कशी? ह्यांचा उजवा भाग आणि वाचा गेली त्याला दोन वर्षं झाली. भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्यावर. त्याचा कंटाळा नाही मला. पण दादा, दोन वर्षांत ह्या घरात मला कोणी हाक मारलेली नाही. सरिता म्हणून नाही की अगो म्हणून नाही. तू क्रोटनशी बोलतोस, मी कोलियसशी बोलते. आपण दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय.

मुंग्यांचं मला कोडं पडलंय. क्रोटनला मुंग्या कशाला येतील? त्याचा चीक कडू. बादलीत गोड काय आहे? पावडर टाकू नकोस, आधी हे सांग.

लोभ मागायची वेळ आपल्यावर कधी आली नाही, येऊ नये.

सरिता


टोकावडे
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद.

हे लिहायला दोन दिवस घेतले.

गोड चहा आहे. बेचाळीस वर्षं सकाळी दोन कप आणि दुपारी दोन कप, हाताला तेच माप बसलंय. एक कप पाणी घेतलं तर पातेलं रिकामं वाटतं आणि हात आपोआप दुसरा घालतो. मग तिचा कप भरतो, तो निळ्या फुलांचा, कान चिकटवलेला. फोटोपुढे ठेवतो. माझा पिऊन होईतो तिचा गार होतो. तो मोरीत ओतायला धीर होत नाही. तिचं आहे ते तिच्या झाडाला जाऊ दे, म्हणून बादलीत घालतो. मार्चपासून रोज दोन कप.

मीच मारतोय ना गो त्याला?

दादा


शेणवा
१६ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी तुला शिव्या दिल्या, मग रडले. ह्यांना वाचून दाखवलंच नाही. पदर डोळ्याला लावलेला त्यांनी पाहिला आणि डाव्या हाताने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

हो, तूच मारतोयस. सावलीने रंग गेला, परातीत साचलेल्या पाण्याने आणि साखरेने मुळं सडली. वहिनी अर्धा चमचा साखर घ्यायची, तिच्या झाडाला तू दोन चमच्यांचा चहा पाजलास. ती असती तर क्रोटनच्या फांदीनेच तुला बडवलं असतं.

आता ऐक. परात काढ. बादलीच्या बुडाची भोकं बुजली असतील, खिळ्याने मोकळी कर. झाड मातीसकट उपस, काळी मऊ मुळं कात्रीने काप, कोरड्या मातीत परत लाव. एकदम उन्हात नेऊ नको, आठ दिवस ओटीवर आणि मग दगडाजवळ त्याच्या जागेवर. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. राहिलेली पानंही जातील. सगळी गेली तरी घाबरू नको, नखाने साल खरवडून बघ. आत हिरवं असेल तर तो आहे.

चहाचं मी काही सांगत नाही. तो दोन कप कर नाहीतर चार कर, पण झाडाला घालू नको. रागावले आहे असं समज. हा राग जाईपर्यंत तू तिथेच रहा, एवढंच मागते.

तुझी सरिता


टोकावडे
७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. मुळं कापताना वास असा आला की मला माझीच लाज वाटली. ओटीवर नेल्यावर उरलेली पानं तीन दिवसांत गेली. नुसती काठी राहिली. येणारे-जाणारे विचारायचे की काका, ही काठी कशाला पाणी घालून ठेवली. रोज नखाने खरवडायचो, आत हिरवं असायचं. आठवडा गेला. मग शेंड्याला टोक फुटलं आणि आज सात पानं आहेत, अंगठ्याएवढी. दोन पानांत पिवळी शीर दिसते. दगडाजवळ उभा आहे.

आता माझं एक ऐक. येत्या मंगळवारी, १४ तारखेला, मी सकाळच्या गाडीने शेणव्याला येतो आणि दिवसभर गणपतरावांजवळ बसतो. भरवणं मला येतं, चंदाला शेवटचे दोन महिने मीच भरवत होतो. तू टोकावड्याला जा. किल्ली तुला देतो. घरात कोणी नाही, भांडी वाजवायलाही कोणी नाही, तेव्हा चोरी अगदी सोपी. पण चोरूनच ने, मी दिलं असं म्हणू नको.

आदेश भाऊबीजेला टेम्पो घेऊन येतो म्हणाला आहे. बघू.

आशीर्वाद सोबत घेऊनच येतोय, पोस्टाला देत नाही.

दादा


शेणवा
१७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तू गेल्यावर हे बराच वेळ दाराकडे बघत होते. तुम्ही दोघांनी दिवसभर काय केलंत कोण जाणे. तुझ्या कानाला ऐकू येत नाही, ह्यांना वाचा नाही, आणि तरी घरात गप्पांचा वास होता.

मी टोकावड्याला उतरले तेव्हा दोन वर्षांनी एकटी गाडीतून उतरत होते. पिशवी कुठल्या खांद्याला लावायची हेही सुधरेना. तुझं कुलूप उघडलं. माझ्या माहेराचं कुलूप मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलं दादा. घर तू झाडून-पुसून ठेवलं होतंस. माजघरात फोटोखाली बादलीचा गोल डाग तेवढा राहिला आहे. ओट्यावर दोन कप पालथे. तिथे मी उभी राहिले आणि मला तुझा सगळा दिवस दिसला, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पत्रात तू दोन्ही वेळा जेवतो असं लिहितोस आणि मी ते वाचून घडी घालून ठेवते. माझं चुकलं.

मग दगडावर जाऊन बसले. सात पानं, शेंडा एकच. नख लावलं आणि काढून घेतलं. एकच शेंडा असलेल्या झाडाची चोरी वहिनीनेही केली नसती. तेव्हा मी हात हलवत परत आले आणि पिशवीही रिकामी आणली. क्रोटन मोठा होऊ दे, चोर वाट पाहील.

आदेश आला की काय ठरतं ते कळव. मी जा म्हणणार नाही आणि राहा म्हणायचा हक्कही मला नाही. लोभ मात्र तुझ्याकडे जुना आहे, तो कुलुपात ठेवू नकोस.

सरिता


टोकावडे
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सरितास,
आशीर्वाद. वि. वि.

आदेश येऊन गेला. टेम्पो आणला होता. परत जाताना त्यात तांदळाचे तीन कट्टे आणि आईची शिवणाची मशीन घेऊन गेला. मी नाही गेलो. तो क्रोटनकडे बघून म्हणाला की बाबा, सात पानांना काय झाड म्हणतात, पण मी तेव्हा बोललेलं त्याच्या लक्षात होतं, म्हणून आग्रह सोडला. दर महिन्याला येतो म्हणालाय.

आता तुला खरं सांगतो, आदेशला सांगितलं नाही. क्रोटन जगला तरी मी जाणार होतो. त्याच्यासाठी बाहेर जागा आहे, ऊन आहे. आत मी एकटाच उरलो होतो. तुझ्याकडून निघालो तेव्हा गाडीत बसून मनाशी ठरवलं होतं की भाऊबीजेला कुलूप लावायचं. गणपतरावांचा हात त्यासाठीच जास्त वेळ धरून बसलो होतो.

घरी आलो. पाय धुतले, पातेलं चढवलं आणि नेहमीसारखा कपांकडे हात गेला. एकच कप होता. आधी वाटलं फुटला आणि तू सांगितलं नाहीस. मग माजघरात पाहिलं. फोटोखाली, त्या गोल डागावर पाट होता आणि पाटावर निळ्या फुलांचा कप. कपात पाणी, पाण्यात तुझ्या कोलियसचा शेंडा. मधे लाल, कडेला पोपटी.

चोर ती चोर आणि वर पिशवी रिकामी आणली म्हणून लिहितेस. तुमच्या कायद्याने हे दिलेलं रोप, ते लागायला नको. मी रोज बघत होतो. दहाव्या दिवशी पांढरी मुळं दिसली, आज कपभर झाली आहेत. याचा अर्थ तू ते दिलं नव्हतंस. तू ते इथे विसरलीस. विसरलेल्या वस्तू परत करायचं काम मी एसटीत एकतीस वर्षं केलं, आता करणार नाही.

पुढच्या मंगळवारी येतो आणि दर मंगळवारी येत जाईन. तू बाहेर पड, बाजारात जा, नाहीतर नुसती स्टँडवर बसून ये. त्या दिवशी मी गणपतरावांना तुझं नाव म्हणायला लावत होतो. मला ऐकू येत नाही, पण ओठ बघून स पर्यंत आले असं वाटलं.

त्या संध्याकाळी पातेलं गॅसवर होतं आणि कप एकच. कपाटात आणखी चार आहेत, पण ते पाहुण्यांचे. मग अर्धं पाणी ओतून दिलं आणि पहिल्यांदा एका माणसाचा चहा केला. साखर फार झाली. एकाला किती लागते ते मला माहीतच नाही गो. शिकतो आहे.

लोभ देऊ नकोस, लागणार नाही. मंगळवारी तू भांडी वाजव, मी चोरून आणीन.

तुझा दादा